सवयींची वही, भाग तिसरा: पुणे–कोल्हापूर, बोरघाट आणि थोडी समृद्धी

महामार्गावर लोक गाडी कशी चालवतात ते टिपणाऱ्या पहिल्या दोन वह्या हिशेबातून काढून टाकल्या आहेत. नोंदी भरपूर होत्या, पण सगळ्या एकाच जातीच्या: डावीकडून घुसला, डिपर मारत मागे लागला, इंडिकेटर न देता लेन कापली. जे डोळ्यांत खुपलं तेवढंच कागदावर आलं. ज्या पन्नास गाड्या आपापल्या लेनमधून गुमान गेल्या, त्यांची एक ओळसुद्धा नाही. अशा वहीतून निष्कर्ष एकच निघतो, की लोकांना गाडी चालवता येत नाही. तो तर कुठल्याही टपरीवर चहासोबत फुकट मिळतो.

तिसऱ्या वहीत म्हणून प्रत्येक सवयीला दोन रकाने केले: ‘संधी’ आणि ‘कृती’. उदाहरणार्थ डावीकडून ओव्हरटेक. पुढची गाडी उजव्या लेनमध्ये हळू चालली आहे, मागची येऊन टेकली आहे आणि डावी लेन मोकळी आहे, ही झाली संधी. मागची डावीकडून निघून गेली तर कृती. थांबून राहिली, किंवा पुढचीच बाजूला झाली, तर फक्त संधीत एक रेघ. इंडिकेटरचंही तसंच. लेन बदलली की संधी मोजायची, आणि टायर पट्ट्याला लागण्याआधी दिवा लागला असेल तरच कृती. गाडी अर्धी पलीकडे गेल्यावर लागलेला दिवा ‘उ’ म्हणजे उशिरा या खुणेने वेगळा लिहायचा. हा ‘उ’ पहिल्या वह्यांत ‘दिला’मध्ये जमा होत होता आणि सगळं चित्र उगाच गोड दिसत होतं.

सामान फार लागत नाही. मोजणारा शेजारच्या सीटवर. चालवणाऱ्याने मोजायचं नाही, तोंडी सांगायचंही नाही, हा नियम बिनअपवाद पाळायचा. शंभर पानी वही आडवी धरून आखायची, खाली पुठ्ठ्याचं पॅड. पेन नको, पेन्सिल हवी, कारण हादऱ्यात बॉलपेनची रेघ तुटते आणि दोनाच्या चार होतात. बोटाने दाबायचे दोन काउंटर, एक डाव्या हातात आणि एक उजव्या. डावा संधी, उजवा कृती, आणि ही वाटणी प्रवासभर बदलायची नाही. मोठे आकडे दाखवणारं स्टॉपवॉच. गर्दीत लिहिणं जमत नाही तिथे फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून एका शब्दाच्या खुणा बोलायच्या: ‘डावा’, ‘उशिरा’, ‘डिपर दोन’. वाक्यं बोलायला लागलं की पुढच्या दोन गाड्या हुकतात.

मोजणी अंतराने बांधून घ्यायची: 10 किलोमीटर मोजायचं, 5 सोडायचं, किलोमीटरच्या दगडावर सुरू आणि दगडावरच बंद. ‘काहीतरी दिसलं की लिहू’ असं ठरवलं की पुन्हा पहिल्या वहीचाच आजार. सोडलेल्या 5 किलोमीटरमध्ये कितीही नाट्य घडलं तरी ते शेवटच्या पानावर ‘गंमत’ या मथळ्याखाली जातं, रकान्यात नाही. ते पान सगळ्यात आधी भरतं, हे वेगळं सांगायला नको.

वेग काढायला दगड पुरतात. 3600 ला एका किलोमीटरच्या सेकंदांनी भागायचं: 30 सेकंद म्हणजे ताशी 120, 36 म्हणजे 100, 45 म्हणजे 80, 60 म्हणजे 60. 200 मीटरचे छोटे दगड शाबूत असतील तर 720 ला सेकंदांनी भागा, पण तिथे एका सेकंदाची चूक फार महाग पडते. 200 मीटरला 8 सेकंद म्हणजे 90 आणि 9 सेकंद म्हणजे 80. म्हणून पूर्ण किलोमीटरच बरा. स्वतःच्या गाडीच्या काट्यावर दुसऱ्याचा वेग ठरवू नये. काटा खऱ्यापेक्षा जरा जास्तच दाखवतो, तसा तो मुद्दामच बनवलेला असतो.

‘सगळे आपल्याला मागे टाकतात’ याचं गणित

इथे नव्याने मोजणारा हमखास फसतो. आपण सरासरी वेगाने चाललो असलो तर आपल्याच वेगाच्या गाड्या आपल्याला जवळजवळ दिसतच नाहीत. त्या एक किलोमीटर पुढे किंवा मागे तितक्याच अंतरावर चालत राहतात. दिसतात त्या फार वेगवान आणि फार हळू. म्हणजे वहीत दोन्ही टोकं भरतात आणि मधला गाभा सुटतो. गर्दीत आणखी एक भर पडते: आपली लेन सुटते तेव्हा आपण दहा गाड्या झपाट्याने मागे टाकतो, पण शेजारची सुटते तेव्हा त्याच दहा गाड्या एकेक करत, सावकाश, डोळ्यांसमोरून जातात. वेळ जास्त त्यात जातो म्हणून दुसरी लेन नेहमी जोरात वाटते. रेडेलमायर आणि टिब्शिरानी यांनी 1999 मध्ये ‘नेचर’मध्ये हेच दाखवलं होतं.

यावर उपाय जुना आहे. वॉर्ड्रॉप आणि चार्ल्सवर्थ यांनी 1954 मध्ये मांडलेली चालत्या गाडीतून मोजण्याची रीत अजूनही वहीला पुरते. एकाच तुकड्यावरून दोनदा जायचं, एकदा प्रवाहाच्या उलट आणि एकदा प्रवाहाबरोबर. उलट जाताना पलीकडच्या बाजूने भेटलेल्या गाड्या मोजायच्या. बरोबर जाताना आपल्याला मागे टाकणाऱ्यांतून आपण मागे टाकलेल्या वजा करायच्या. दोन्हींची बेरीज करून ती दोन्ही फेऱ्यांच्या एकूण मिनिटांनी भागली की दर मिनिटाला किती गाड्या वाहतात ते निघतं.

हिशेबापुरते आकडे घेऊ. तुकडा 10 किलोमीटरचा. उलट जायला 8 मिनिटं लागली, समोरून 240 गाड्या भेटल्या. बरोबर जायला 9 मिनिटं, 28 गाड्यांनी आपल्याला टाकलं, आपण 13 टाकल्या, वजाबाकी 15. तर 240 अधिक 15 म्हणजे 255, भागिले 17 मिनिटं, उत्तर 15: दर मिनिटाला 15 गाड्या, तासाला 900. प्रवाहाचा सरासरी वेळ म्हणजे आपली 9 मिनिटं वजा 15 भागिले 15, अर्थात 8 मिनिटं. म्हणजे प्रवाह ताशी 75 ने चालला होता आणि आपण साधारण 67 ने. आता ‘सगळे टाकतात’ या तक्रारीला काही अर्थ आला: आपणच हळू होतो.

यात चुकतं कुठे? दोन फेऱ्यांत फार वेळ गेला की प्रवाहच बदललेला असतो. सकाळी जाणं आणि संध्याकाळी येणं अशी जोडी चालत नाही. आणि दुभाजकावरची कण्हेर. जिथे ती डोक्याएवढी वाढली आहे तिथे समोरच्या बाजूचे ट्रक दिसतात, कार दिसत नाहीत. असे तुकडे सोडून पूल आणि उघडे पट्टे निवडावेत, नाहीतर हिशेबात सगळ्या रस्त्यावर ट्रकच ट्रक होतात.

ट्रकचा उजवा दिवा

या वहीत सगळ्यात जास्त पानं यावर गेली आहेत, आणि जाऊ द्यावीत. ट्रकचा उजवा इंडिकेटर चालू दिसला तर त्याचे तीन अर्थ होऊ शकतात: मी उजवीकडे येतोय; तू माझ्या उजवीकडून जा; किंवा, दोनपदरी रस्त्यावर, समोरून गाडी आहे, आत्ता काढू नकोस. पहिला अर्थ कायद्याचा, बाकीचे दोन रस्त्याचे. दुसरा आणि तिसरा तर एकमेकांच्या थेट विरुद्ध. कुठला अर्थ कुठल्या ड्रायव्हरचा, हे तो कुठे गाडी शिकला यावर जातं, आणि लांब पल्ल्याच्या रस्त्यावर चार राज्यांची शिकवण एकाच लेनमध्ये असते.

म्हणून नुसतं ‘उजवा दिवा’ लिहून उपयोग नाही. दिवा लागल्यापासून 10 सेकंदांत काय झालं ते लिहायचं. ‘स’ म्हणजे उजवीकडे सरकला, ‘थ’ म्हणजे आहे तिथेच थांबला, ‘ड’ म्हणजे डावीकडे गेला. आणि त्याआधीची चाहूल: मागचं उजवं चाक पट्ट्याच्या किती जवळ होतं, आणि ट्रकच्या पुढे हळू गाडी होती का. ट्रकच्या पुढे ट्रॉली किंवा दुसरा ट्रक जवळ येत असेल तर उजव्या दिव्याचा अर्थ बहुतेक पहिलाच. पुढे रस्ता मोकळा आणि चाक डाव्या कडेला असेल तर तो आपल्याला वाट देतोय. खिडकीतून किन्नरचा, म्हणजे ट्रकवरच्या क्लीनरचा, हात बाहेर आला तर मग दिव्याकडे पाहायचंच नाही. हाताला एकच अर्थ असतो.

चारी इंडिकेटर एकदम चालू ठेवणं ही वेगळी सवय, आणि ती कारवाल्यांची जास्त. पाऊस आला, धुकं आलं, बोगदा आला की चारी चालू. त्याने गाडी दिसते हे खरं, पण मग तीच गाडी लेन बदलणार असेल तर ते कळायचा मार्ग उरत नाही, आणि थांबलेली गाडी व चालती गाडी यांत फरक राहत नाही. याची संधी मोजणं सोपं: बोगद्यात शिरलेल्या सगळ्या गाड्या. भाताण, माडप, कामशेत हे बोगदे एकाच मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर ओळीने मिळतात, त्यामुळे एका फेरीत चांगली नोंद होते.

डिपरची नोंद ‘एक’, ‘दोन’, ‘सतत’ अशी तीनच प्रकारांत करा. पुढची गाडी 5 सेकंदांत डावीकडे झाली की नाही तेवढं पुरे. डिपर मारणाऱ्याचा स्वभाव लिहायचा मोह आवरावा.

दोन ट्रक शेजारी शेजारी

ट्रक ट्रकला ओव्हरटेक करतो आणि मागे कारची रांग लागते. ‘गंमत’च्या पानावरची ही सगळ्यात आवडती तक्रार. याचा हिशेब एकदा करून ठेवला की चिडचिड कमी होते आणि नोंद नीट होते. दोन्ही ट्रक 12 मीटरचे धरा. 20 मीटर आधी लेन सोडली आणि 20 मीटर पुढे जाऊन परत घेतली, तर कापायचं अंतर 20 + 12 + 12 + 20 म्हणजे 64 मीटर. पुढचा 55 ने, मागचा 60 ने. फरक ताशी 5 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 1.39 मीटर. वेळ 46 सेकंद. तेवढ्यात ट्रक पाऊण किलोमीटरहून जास्त पुढे जातो, आणि 100 ने येणारी कार अर्धा किलोमीटर मागे असली तरी ओव्हरटेक संपेपर्यंत त्याच्या मागे येऊन टेकते. म्हणजे ट्रकवाल्याने आरशात पाहिलं तेव्हा मागचा रस्ता त्याला खरोखर मोकळा दिसला असणार. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार चौपदरी दुभाजित रस्त्यावर कारला कमाल 100 आणि मालगाडीला 80; हा 20 चा फरक रस्त्यातच मुरलेला आहे.

घाटात चढताना हाच प्रकार जास्त दिसतो आणि त्याचं कारणही जास्त पक्कं. भरलेला ट्रक 25 ने चढतोय आणि पुढचा 20 वर आला. मागच्याने वेग सोडला तर एक गिअर खाली टाकावा लागतो, आणि चढावर एकदा गेलेला वेग परत येत नाही. थांबावंच लागलं तर भरल्या वजनानिशी पुन्हा उचलताना क्लच जळतो. म्हणून तो लेन सोडतो. वहीत अशी नोंद करताना ‘चढ’ हा शब्द आणि पुढच्या गाडीचा अंदाजे वेग लिहिल्याशिवाय ओळ पूर्ण धरू नये. सपाटीवर हीच कृती झाली तर ती वेगळी सवय.

उतार: ऐकायची नोंद

उतारावरच्या सवयी डोळ्यांपेक्षा कानांनी आणि नाकाने जास्त कळतात. काच खाली करा. खालच्या गिअरमध्ये उतरणारा ट्रक घोंगावतो आणि त्याचे ब्रेकचे दिवे मधूनमधून, थोडा वेळ लागतात. गाडी नूटलवर टाकून, म्हणजे गिअर काढून, उतरणारा जवळजवळ गप्प असतो, वेग वाढत जातो आणि ब्रेकचे दिवे लागतात ते बराच वेळ तसेच राहतात. थोड्या वेळाने लायनर जळल्याचा वास येतो. वहीत तीन खुणा पुरतात: ‘घों’, ‘गप्प’, ‘वास’. त्यासोबत एका किलोमीटरमध्ये ब्रेकचे दिवे एकूण किती सेकंद लागले होते ते स्टॉपवॉचवर.

यामागची समजूत डिझेल वाचवण्याची. जुन्या पंपाच्या इंजिनांच्या काळापासून ती चालत आली आहे. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं. नूटलवर मात्र इंजिन आपोआप चालू राहायला डिझेल पितंच. म्हणजे वाचत काही नाही, उलट इंजिनाचा अडसर जातो आणि सगळं वजन ब्रेकवर येतं. कोणी इंजिनच बंद केलं तर एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते, आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. साताऱ्याकडून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा उतार याच कारणाने बदनाम आहे. तिथे वही उघडावी, पण कारने ट्रकच्या पुढे राहून मोजू नये. मागे, अंतर ठेवून.

खंबाटकीत दिशेचं भान ठेवा. या नोंदींच्या वेळी पुण्याहून साताऱ्याला जाताना जुना घाट चढावा लागत होता, आणि येताना बोगदा व त्यानंतरचं इंग्रजी एस आकाराचं वळण होतं. दोन फेऱ्यांच्या नोंदी एकाच मथळ्याखाली टाकल्या तर दोन वेगळे रस्ते एकत्र होतात. दुसऱ्या वहीत नेमकं हेच झालं होतं.

उलट्या बाजूने

सातारा–कऱ्हाड–कोल्हापूर पट्ट्यात राँग साइडच्या नोंदी बऱ्याच निघतात. दुचाकी, ट्रॅक्टर, छोटा हत्ती. पहिल्या वहीत यापुढे फक्त उद्गारचिन्हं होती. तिसऱ्यात एक रकाना वाढवला: दुभाजकातली पुढची वाट किंवा भुयारी मार्ग किती लांब. तो भरायला लागल्यावर नोंदी एकाएकी ओळीत बसतात. शेत रस्त्याच्या एका अंगाला, गाव दुसऱ्या अंगाला, आणि नीट वळून यायचं तर दोन-तीन किलोमीटरचा हेलपाटा. तिथे उलटी गाडी येतेच. सर्व्हिस रोड सलग आहे तिथे ती क्वचित दिसते. सवय माणसाची म्हणून लिहिली होती, ती निघाली जागेची. सर्व्हिस रोड मधेच तुटतो ती ठिकाणं म्हणून वेगळी लिहून ठेवा; पुढच्या फेरीत तिथे आधीच सावध राहता येतं.

ऊस हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर, याच पट्ट्यात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. त्यांच्यासाठी तीन प्रश्न: मागे परावर्तक पट्टी आहे का, मागचा दिवा चालू आहे का, ऊस बाजूला किती बाहेर आला आहे. नियमाने मागची पट्टी लाल, बाजूची पिवळी, पुढची पांढरी. पट्टी आहे पण चिखलाने झाकलेली, हा चौथा प्रकार स्वतंत्र धरावा, कारण रात्री तिचा उपयोग पट्टी नसण्याइतकाच. बंद पडलेल्या गाडीमागे त्रिकोणाऐवजी झाडाची फांदी आणि दगड ठेवलेले दिसले तर ‘फांदी’ लिहा. गाडी निघून गेली आणि दगड तसेच राहिले तर ‘दगड’ आणि किलोमीटर. ही एकच नोंद अशी आहे की जी नोंदवून गप्प बसू नये, टोलनाक्यावर किंवा 1033 वर कळवावी.

समृद्धी, थोडक्यात

701 किलोमीटरच्या या रस्त्यावर मोजण्यासारखं फार नाही, आणि तेच मोजायचं. वळणं कमी, गर्दी कमी, कारला सपाटीवर 120. इथली सवय म्हणजे लेनच्या आत डोलणं. पुढच्या गाडीचं चाक 2 मिनिटांत पट्ट्याला किती वेळा लागतं एवढा एकच रकाना. तीन किंवा जास्त आलं आणि ब्रेक वा दिव्याची काही हालचाल नसेल, तर चालवणारा कंटाळलाय किंवा पेंगतोय असं धरून अंतर वाढवावं; मागे टाकायची घाई करू नये. सोबत रस्त्यावर पडलेल्या रबराच्या पट्ट्या मोजा. त्या बहुतेक रिमोल्ड, म्हणजे झिजल्यावर नवं रबर चढवलेल्या, टायरच्या वरच्या थराच्या असतात. हवा कमी, वजन जास्त आणि तापलेलं काँक्रीट यांनी तो थर सुटतो. पट्ट्या दुपारनंतर मोजल्या की सकाळच्या मोजणीशी तुलना करू नका. मधे कोणी गोळा केल्या ते आपल्याला कळत नाही.

नंबर प्लेटचा रकाना

हा रकाना आता अर्धा केला आहे. पूर्ण क्रमांक लिहायचाच नाही. कोणाची गाडी हे आपलं काम नाही. फक्त रंग आणि गाडीचा प्रकार: पांढरी खासगी, पिवळी भाड्याची, काळ्यावर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली, हिरवी विजेवरची. 12 आला की पुणेकर, 09 आला की कोल्हापूरकर असं लिहिण्याचा मोह मोठा असतो, आणि मग मनाजोगते निकालही मिळतात, कारण पुण्याजवळ पुण्याच्याच गाड्या जास्त असतात. चुकाही त्यांच्याच जास्त मोजल्या जाणार. संधीने भागल्यावर बहुतेक फुशारकी आणि बदनामी दोन्ही विरघळतात. राहतात ती वळणं, उतार आणि तुटलेले सर्व्हिस रोड.

पुढच्या वहीत टोलनाक्यासाठी एक पान वाढवायचं आहे. फास्टॅग आल्यापासून रांग चालती असते, आणि शेवटच्या 100 मीटरमध्ये लेन बदलणाऱ्यांची संधी कशी मोजायची हे अजून नीट बसत नाही. सध्या शेजारची रांग निदान तीन गाड्यांनी लहान असेल तरच संधी धरतो. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी या चार नाक्यांवर हीच व्याख्या लावून पाहायची, आणि तीनऐवजी दोन धरल्याने रेघा किती वाढतात ते वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने.